बातमीच्या टेबलावरून कोशाच्या टेबलाकडे

पत्र : मी एकतीस वर्षांची आहे. मराठीत एम. ए. आणि त्यानंतर पत्रकारितेची पदविका घेऊन एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक म्हणून लागले, त्याला आता सहा वर्षे झाली. तालुका वार्ताहरांच्या बातम्या नीट करणे, वृत्तसंस्थांच्या बातम्यांचा अनुवाद करणे, मथळे देणे आणि रात्री पाने छपाईला सोडणे हे माझे काम. पुण्यातील एका संस्थेने मला चरित्रकोशाच्या संपादन विभागात तीन वर्षांच्या करारावर काम देऊ केले आहे. वेतन आताच्यापेक्षा थोडे कमी आहे. आमचे वृत्तसंपादक म्हणतात, की कोशात जाऊन अडकण्यापेक्षा बातमीदारीकडे वळा, निदान नाव तरी छापून येईल. धाकट्या भावाच्या मते ही दोन्ही कामे लवकरच संगणक करू लागेल. मला हे काम मनापासून आवडते. पण इतक्या वर्षांत माझे नाव कोठेही आले नाही, याची खंतही वाटते. मी काय करावे?

उत्तर : तुम्ही कोशाचे काम स्वीकारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हेच पत्र तुम्ही डेस्कवरच्या पहिल्या वर्षी लिहिले असते, तर मी ‘थांबा’ म्हटले असते, कारण कोशाच्या संथ कामात शिरण्यापूर्वी बातमीच्या घाईत चूक कशी जन्माला येते हे डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते. ते तुम्ही सहा वर्षे पाहिले आहे. दैनिकाच्या डेस्कवरून संदर्भग्रंथांकडे मीही आलो आणि दोन्ही ठिकाणची बरीच वर्षे जमेस धरून सांगतो, की हे दोन वेगळे व्यवसाय नाहीत. दुसऱ्याने लिहिलेला मजकूर वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी त्यातील प्रत्येक विधानाची जबाबदारी घेणे, हेच दोन्हीकडचे काम आहे. एका ठिकाणी त्यासाठी वीस मिनिटे मिळतात आणि दुसऱ्या ठिकाणी वीस दिवस.

तुमच्या सहा वर्षांचे मोल तुम्ही पत्रात कमी लावले आहे. ‘बातम्या नीट करणे’ असे तुम्ही लिहिता, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ आणि वाक्यरचना तुमच्या मनात असावी. परंतु चांगला उपसंपादक त्याहून पुष्कळ अधिक करतो. पावसाळ्यात ‘कोयनेतून वीस हजार टीएमसी पाणी सोडले’ अशी बातमी आली, तर ती वाचताक्षणी हात थांबला पाहिजे, कारण कोयना धरणाची एकूण साठवणक्षमताच १०५.२५ टीएमसी आहे. साठा टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजतात आणि विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट यात. सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग अखंड चोवीस तास चालला, तर एक टीएमसी पाणी धरणाबाहेर जाते. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातमीतील ‘बिलियन’ मराठीत येताना कधी दशलक्ष होतो, कधी दहा कोटी, आणि तो शंभर कोटीच राहील हे पाहणारा माणूस डेस्कवर एकटाच असतो. पोलिसांच्या टिपणात खुनाला कलम ३०२ लिहिलेले असते आणि गुन्हा मात्र १ जुलै २०२४ नंतरचा असतो, म्हणजे तेथे भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ हवे. गुन्हा त्याआधीचा असेल, तर जुने ३०२ च बरोबर. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेचे नाव नाही, पण तिच्या वडिलांचे नाव, गाव आणि शाळा आहे, म्हणजे कायद्याने जी ओळख झाकायची ती उघड झाली आहे, हे रात्री साडेअकराला लक्षात येणे ही साधी गोष्ट नाही. ही शंका घेण्याची सवय तुमच्याजवळ असेल, तर कोशाच्या कामाचा पाया घातला गेला आहे.

मात्र कोशात गेल्यावर एक आधार सुटतो आणि त्याची कल्पना आधीच असलेली बरी. बातमीत ‘असे पोलिसांनी सांगितले’ किंवा ‘असा आरोप त्यांनी केला’ असे लिहिता येते. विधान कोणाचे हे नोंदवले, की उपसंपादकाची जबाबदारी बरीचशी पार पडते. कोशातील नोंदीत असे सांगणारा कोणी नसतो. ‘त्यांचा जन्म अमुक गावी अमुक दिवशी झाला’ हे कोश स्वतःच सांगत असतो आणि पुढची पन्नास वर्षे लोक त्याचा हवाला देणार असतात. म्हणून तेथे ‘ही माहिती कोणी दिली’ एवढ्याने भागत नाही. ‘त्याला हे कसे कळले’ हा पुढचा प्रश्न विचारावा लागतो. तीन पुस्तकांत एकच जन्मवर्ष आढळले म्हणून ते खरे ठरत नाही. तिघांनीही ते एकाच गौरवग्रंथातून उतरून घेतलेले असू शकते. आणि त्या गौरवग्रंथाने ते कोठून घेतले याचा माग काढत गेले, तर पुष्कळदा एखाद्या दैनिकातील निधनवार्ता हाती लागते. ‘वय ८२’ असे त्या वार्तेत लिहिलेले असते. ते पूर्ण झालेले की चालू, हे लिहिलेले नसते आणि त्यावरून कोणीतरी वजाबाकी करून एका वर्षाने चुकलेले जन्मवर्ष कायम केलेले असते. रात्रपाळीत तुम्ही हातावेगळी करता ती चार ओळींची निधनवार्ता अशा रीतीने उद्याच्या कोशाचा कच्चा माल असते. हे ज्याने दोन्ही टोकांकडून पाहिले आहे, तो संपादक कोशाला हवा असतो, आणि म्हणूनच त्या संस्थेने तुम्हाला विचारले असावे.

चरित्रकोशातील अडचणी कोणत्या प्रकारच्या असतात, हे थोडे तपशिलाने सांगतो, म्हणजे काम आवडेल की नाही याचा अंदाज तुम्हालाच येईल. पहिली अडचण कालगणनेची. जुन्या साधनांत तिथी आणि शक असतो, आणि शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. परंतु शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. शिवजन्माची राज्य शासनाने स्वीकारलेली तारीख १९ फेब्रुवारी १६३० आहे. तिची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. येथे कोणी डोळे मिटून ७८ मिळवले, तर १६२९ येते. शिवाय ही तारीख जुन्या युरोपीय, म्हणजे ज्युलियन पंचांगाप्रमाणे आहे, हेही संपादकाला माहीत असावे लागते, नाहीतर दुसऱ्या ग्रंथातील आजच्या ग्रेगोरियन पंचांगाची तारीख पाहून तो दहा दिवसांचा फरक चूक म्हणून ‘दुरुस्त’ करून बसेल.

दुसरी अडचण स्थळांची, आणि महाराष्ट्राच्या बाबतीत ती फार नाजूक आहे. १९२५ मध्ये तुळजापूरला जन्मलेल्या माणसाच्या नोंदीत ‘महाराष्ट्रातील धाराशिव जिल्ह्यात जन्म’ असे लेखक सहज लिहून जातो; पण तेव्हा तुळजापूर हैदराबाद संस्थानात होते, जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते आणि महाराष्ट्र राज्य अस्तित्वात यायला अजून पस्तीस वर्षे होती. १९६० मध्ये राज्यात २६ जिल्हे होते, २०१४ मध्ये पालघर झाल्यावर ते ३६ झाले. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होते. अशा वेळी ‘सध्याचा जिल्हा’ असे लिहून सुटका होत नाही, कारण कोशातला ‘सध्या’ हा शब्द छापल्या दिवसापासून शिळा व्हायला लागतो. ‘काल’, ‘नुकतेच’, ‘अलीकडे’, ‘गेल्या वर्षी’, ‘विद्यमान’ हे शब्द वर्तमानपत्राच्या भाषेत जागोजाग असतात. कोशात यांतील प्रत्येकाच्या जागी वर्ष यावे लागते. पहिले काही महिने तुमचा बहुतेक वेळ हे शब्द वेचण्यातच जाईल.

तिसरी अडचण नोंदशीर्षकाची. मालतीबाई बेडेकर यांची नोंद बेडेकर या आडनावाखाली घ्यायची, की ज्या ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने त्यांचे लेखन गाजले त्या नावाखाली, आणि विवाहापूर्वीच्या बाळूताई खरे या नावाने शोधणाऱ्याला कोठे पाठवायचे, हे एकदाच ठरवून संपूर्ण कोशात तसेच पाळावे लागते. क्ष आणि ज्ञ अनुक्रमात कोठे येणार, अनुस्वारयुक्त अक्षर आधी की नंतर, हेही प्रत्येक कोश आपापले ठरवतो. हे काम कोरडे वाटेल. पण नोंद सापडलीच नाही, तर ती कितीही चांगली लिहिलेली असून उपयोग काय?

आता ‘अडकण्या’विषयी. तुमच्या वृत्तसंपादकांची ही भीती अगदीच निराधार नाही. कोशाचे काम रेंगाळते, आणि डेस्कवरच्या माणसाला त्या रेंगाळण्याचा जाच होतो. वाईच्या मराठी विश्वकोशाचेच पाहा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली काम उभे राहिले ते १९६० च्या दशकात. परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ मध्ये निघाला, पहिला खंड १९७६ मध्ये आणि विसावा २०१५ मध्ये. तर्कतीर्थ १९९४ मध्येच निवर्तले होते. ज्या कामाचा शेवट ते सुरू करणाऱ्याला दिसेलच असे नाही, त्यात रोजची उमेद टिकवायची तर रोजची मुदत स्वतःच घालून घ्यावी लागते, आणि ही शिस्त डेस्कवरून आलेल्या माणसाकडे असते. दिवसाला इतक्या नोंदी वाचीन, शंका त्याच संध्याकाळी लेखकाला कळवीन, उत्तर आले नाही तर आठ दिवसांनी पुन्हा विचारीन, असा क्रम बांधून घ्या.

शंका कळवण्याची रीतही बदलावी लागेल. तालुका वार्ताहराला तुम्ही फोन करून थेट विचारू शकता. कोशाचे लेखक बहुधा प्राध्यापक किंवा त्या विषयातील ज्येष्ठ अभ्यासक असतात आणि ‘हे चूक वाटते’ असे म्हटलेले त्यांना रुचत नाही. म्हणून शंका नेहमी लेखी काढावी, आणि तिच्यासोबत पुरावा जोडावा : अमुक ग्रंथाच्या अमुक पानावर वर्ष १९०७ आहे, आपण १९०८ दिले आहे, दोहोंपैकी कोणते ठेवावे ते कृपया कळवावे. माझ्या अनुभवात अशा पत्राला खरा विद्वान कधी रागावत नाही, आणि उत्तराची प्रत फाइलला लावून ठेवली, की पाच वर्षांनी कोणी विचारल्यास संस्थेकडे सांगायला आधार असतो.

नावाविषयीची तुमची खंत मला पूर्णपणे समजते, आणि ‘कामातच समाधान माना’ असे सांगून मी ती झटकून टाकणार नाही. श्रमिक पत्रकारांसाठीच्या १९५५ च्या कायद्याने पत्रकाराची व्याख्या केली, तेव्हा तिच्यात संपादक, बातमीदार आणि व्यंगचित्रकार यांच्या बरोबरीने उपसंपादक आणि मुद्रितशोधकही नावानिशी घेतले होते. कायद्याला जे दिसले ते वाचकाला दिसत नाही, कारण बातमीखाली ज्याने आणली त्याचे नाव येते, ज्याने सावरली त्याचे येत नाही. कोशात ही स्थिती थोडी बरी असते. नोंदीखाली लेखकाचे नाव येते हे खरे, परंतु खंडाच्या आरंभी संपादन विभागातील व्यक्तींची यादी छापण्याची चांगली प्रथा आपल्याकडे आहे आणि त्या यादीत नाव असणे ही आयुष्यभर दाखवता येण्याजोगी नोंद असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या वाटेने माणसे पुढे गेलेली आहेत. डॉ. श्री. व्यं. केतकर यांच्या तेवीस खंडांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या संपादन विभागात यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे सहकारी म्हणून काम करीत होते. तेथे हात बसल्यावर त्यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध केले, आणि १९५० मध्ये पुरवणी खंडही दिला. आज मराठीत कोणत्याही शब्दाचा कसून शोध घ्यायचा झाला, तर ‘दाते-कर्वे’ उघडल्यावाचून चालत नाही. सहायकापासून मुख्य संपादकापर्यंतची ही वाट अरुंद आहे, पण ती आहे.

बातमीदारीकडे वळण्याचा सल्ला मात्र तुम्ही मानू नये. बातमीदारी हे मोठे काम आहे आणि ज्याला माणसांत मिसळण्याची, ताटकळत उभे राहण्याची, नकार ऐकून पुन्हा जाण्याची ओढ आहे त्याने ते अवश्य करावे. केवळ नाव छापून यावे म्हणून करू नये. तुमच्या पत्रात बातमी आणण्याच्या आनंदाविषयी एकही ओळ नाही, बातमी नीट करण्याच्या आनंदाविषयी मात्र आहे.

तुमच्या भावाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. साधे शब्द तपासणे, पहिला कच्चा अनुवाद करणे, तारखांची एकसारखी मांडणी करणे ही कामे यंत्र करू लागले आहे आणि यापुढे अधिक करील. मराठीत प्रत्यय लागून एका शब्दाची अनेक रूपे होतात, समासात ‘मंत्री’चे ‘मंत्रिमंडळ’ होते, ‘जमीन’ची ‘जमिनीत’ होते, त्यामुळे आपल्याकडे शब्दतपासनीस अजून वारंवार फसतात. तरी तेही सुधारतील, आणि त्या आधारावर नोकरी सुरक्षित आहे असे मी तुम्हाला सांगणार नाही. अडचण दुसरीकडे आहे. यंत्राने लिहिलेला मजकूर भाषेने गुळगुळीत असतो, त्यामुळे त्यातील चूक खटकत नाही. कच्च्या बातमीतली चूक बहुधा आजूबाजूच्या वाकड्या वाक्यांमुळे संशय जागा करून उघडी पडते. सफाईदार वाक्यातल्या खोट्या जन्मवर्षाकडे लक्षही जात नाही. असा मजकूर जितका वाढेल, तितकी मूळ कागदापर्यंत जाऊन खात्री करणाऱ्या माणसाची गरज वाढेल. त्या माणसाला पुरेसे पैसे मिळतील की नाही, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे, म्हणून कराराकडे वळतो.

मोबदला दरमहा ठरवून घ्या. नोंदीमागे किंवा शब्दामागे दर असेल, तर तो नाकारा. मुद्रितशोधनाचा दर पानामागे किंवा फॉर्मामागे, म्हणजे एका तावावर छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचामागे, ठरतो आणि तेथे ते चालते, कारण किती वेळ लागेल हे साधारण कळते. चरित्रनोंदीचे तसे नसते. सर्वपरिचित नेत्यावरची दीड हजार शब्दांची नोंद एका दिवसात तपासून होईल, आणि विसरल्या गेलेल्या एखाद्या शिक्षिकेवरच्या दीडशे शब्दांसाठी जुन्या शाळेचे दप्तर, नगरवाचनालयातील वर्तमानपत्रांच्या फाइली आणि नातेवाइकांशी पत्रव्यवहार यांत आठवडा जाईल. नोंदीमागे पैसे असले, की नकळत हात सोप्या नोंदींकडे वळतो, आणि कोशाचे नुकसान होते. याशिवाय चार गोष्टी करारात लेखी असाव्यात : संपादन विभागाच्या यादीत नाव छापले जाईल, निधी थांबल्यास किती महिन्यांची सूचना मिळेल, भविष्यनिर्वाह निधीचे काय, आणि फावल्या वेळात बाहेरचे संपादन करण्याची मुभा राहील का. ही शेवटची मुभा मिळवाच. वेतनातील तूट प्रकाशकांच्या कामातून भरून निघू शकते, आणि तीन वर्षांनी करार संपला, तर तीच ओळख उपयोगी पडते.

रुजू होण्यापूर्वीच्या तयारीविषयी थोडेच सांगतो, कारण तुमची बैठक पक्की दिसते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेले चौदा आणि १९७२ मध्ये भर पडलेले चार, पुन्हा एकदा मूळ शब्दांत वाचा. डेस्कवर आपण ते सवयीने पाळतो आणि काही चुकीच्या सवयीही नियम समजून बसतो. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना काय बिघडते हे शिकून घ्या, कारण ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, रफार शेजारच्या अक्षरावर जातो, आणि जुने खंड नव्याने टाइप करण्याऐवजी रूपांतरित करून घेणाऱ्या प्रकल्पांत अशा चुका हजारोंनी असतात. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा तीन खंडांतील चरित्रकोश, प्राचीन १९३२, मध्ययुगीन १९३७ आणि अर्वाचीन १९४६, ग्रंथालयात बसून चाळा. काय घ्यावे आणि काय गाळावे, याचा निर्णय एकट्या माणसाच्या हाताखाली कसा घेतला गेला हे त्यात पानोपानी दिसते, आणि स्त्रियांच्या नोंदी किती आहेत हेही पाहा. नव्या कोशाला जी कमतरता भरून काढायची आहे, तिचा अंदाज तेथे येईल.

करारावर सही करण्यापूर्वी एक गोष्ट करा. संस्थेकडून तीन नोंदी चाचणीसाठी मागून घ्या : एक अगदी लहान, एक जिच्या तपशिलाविषयी वाद आहे अशी, आणि एक हयात व्यक्तीवरची. प्रत्येकीवर शंकापत्र तयार करून मुख्य संपादकांना द्या. त्यांनी ती वाचून शंकांना शंकांप्रमाणे उत्तरे दिली, काही मान्य केल्या आणि काही सकारण नाकारल्या, तर करारपत्र हाती घ्या आणि त्यानंतरच दैनिकाला राजीनाम्याची रीतसर सूचना द्या. ‘एवढे खोलात जायला आपल्याला वेळ नाही’ असे उत्तर आले, तर आहे त्या डेस्कवर राहून दुसऱ्या प्रकल्पाची वाट पाहा.